देह ही अमानत आहे: गोंदण, सुई आणि आपले उत्तरदायित्व



वैनगंगेकाठच्या आपल्या आरमोरी परिसरात गोंदण ही अपरिचित गोष्ट नाही. गोंड आणि माडिया शेजारणींच्या हातापायांवर ते पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. त्यांच्या परंपरेवर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न आपल्या घरातला आहे. लग्न ठरले की भुवया कायमच्या कोरून घ्याव्यात, ओठांत टिकाऊ रंग भरावा, अशी इच्छा आपल्या मुलीही बोलून दाखवू लागल्या आहेत. हे गोंदण नव्हे, केवळ प्रसाधन आहे, असे त्यांना सांगितले जाते. परंतु सुईने त्वचा टोचून तिच्याखाली रंग सोडणे ही क्रिया दोन्हींत एकच आहे. नाव बदलल्याने हुकूम बदलत नाही.

हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींचाही धिक्कार केला आहे. अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावण्याची प्रतिज्ञा सैतानाने केली होती, हे सूरह अन्-निसा (4:119) मध्ये सांगितले आहे. आपला देह आपल्या मालकीचा नाही. तो सोपवलेली अमानत आहे.

स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असा आदेश सूरह अल्-बकरा (2:195) मध्ये आहे. या आदेशाच्या प्रकाशात सुईकडे पाहा. एकाची सुई दुसऱ्याला वापरली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. अस्वच्छ रंगातून त्वचेत जंतुसंसर्ग होतो. काहींना रंगाची, विशेषतः लाल रंगाची, ॲलर्जी होते. ती कधी काही वर्षांनीही उद्भवते. काहींच्या त्वचेवर जाड, उंच व्रण उठतात. पुढे पश्चात्ताप झाला, तर लेसरच्या अनेक बैठका घ्याव्या लागतात आणि तरीही डाग पूर्ण जाईलच असे नाही. शिवाय गोंदवून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही. ज्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलच्या कित्येक रुग्णांना वारंवार रक्त लागते, तिथे ही हानी केवळ वैयक्तिक राहत नाही.

मात्र हाच हुकूम अर्धवट ऐकल्याने एक भगिनी संकटात सापडली होती. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. नागपूरला किरणोपचार सुरू करण्यापूर्वी, किरण रोज नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून, डॉक्टर तिच्या त्वचेवर शाईचे बारीक ठिपके गोंदणार होते. गोंदण हराम आहे म्हणून ती उपचार न घेताच परतली. तिचे पती माझ्याकडे आले, तेव्हा दोन आठवडे वाया गेले होते.

मी त्यांना सांगितले, ताबडतोब जा. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडून सुनन अबू दाऊदमध्ये हाच निषेध आला आहे, पण तिथे व्याधी नसताना गोंदवण्याचा उल्लेख आहे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात तुटले होते. चांदीचे नाक बसवले तर त्याला दुर्गंधी येऊ लागली. पुरुषाला सोने वर्ज्य असूनही प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्याची मुभा दिली. सजावट वेगळी आणि उपचार वेगळा. पुसता येणाऱ्या खुणांनी काम भागेल का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे. भागत नसेल तर ठिपक्यांना भिऊन उपचार टाळू नये. भाजल्याचे व्रण किंवा कोड झाकण्यासाठी कोणी गोंदण सुचवले, तर त्वचारोगतज्ज्ञ आणि जाणकार आलिम दोघांनाही विचारा. कोड पसरत असताना टोचलेल्या जागीच नवा डाग उमटण्याचा धोका असतो.

आता ज्यांच्या हातावर गोंदण आधीच आहे, त्यांच्यासाठी. अजाणतेपणी झाले असेल, तर मनाला लावून घेऊ नका. जाणूनबुजून केले असेल, तर तौबा करा. दार उघडे आहे. रंग त्वचेच्या आत असतो, तो पाणी अडवत नाही; म्हणून वुजू होतो, नमाज होते. तो काढताना इजा होणार असेल, तर काढण्याची सक्ती नाही. हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांच्या हातांवर गोंदण दिसल्याचे कथन आहे, ते इस्लामपूर्व काळातील असावे, असे विद्वान म्हणतात. त्याच हातांनी त्या आजारी हजरत अबू बक्र (रजि.) यांची सेवा करीत होत्या. कोणाच्या हाताकडे बोट दाखवण्यापूर्वी हे आठवावे.

आणि मुलींनो, मेंदी तुमच्यासाठी आहेच. मात्र तासाभरात काळीभोर रंगणारी मेंदी टाळा. तिच्यातील केसांच्या कलपाचे रसायन त्वचेवर फोड आणते. पानांची साधी मेंदी भिजवा. तिचा रंग काही दिवसांनी उतरतो, आणि हात जसा अल्लाहने दिला तसाच राहतो.

अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्‌बुद्धी देवो आणि प्रत्येक रुग्णाला शिफा देवो. आमीन.