मागोमाग आलेली गाय

बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्याच्या महावग्गात एक अख्खं प्रकरण चामड्यावर आहे. ‘चम्मक्खन्धक’ त्याचं नाव. भिक्षूंनी पायात काय घालावं, कशावर बसावं-निजावं, कुठलं कातडं चालतं आणि कुठलं चालत नाही, याचे नियम त्यात आहेत. नियम कोरडे नाहीत. प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं आहे. त्यातला एक प्रसंग असा : एक भिक्षू सकाळी ओळखीच्या उपासकाच्या घरी जाऊन बसतो. तिथे एक वासरू असतं, बिबट्याच्या पिल्लासारखं ठिपकेदार आणि देखणं. भिक्षू त्याच्याकडे टक लावून पाहत राहतो. यजमान कारण विचारतो. भिक्षू म्हणतो, या कातड्याचा मला उपयोग आहे. यजमान वासराला मारतो, सोलतो आणि कातडं त्याच्या हाती देतो. भिक्षू ते चीवराखाली दडवून निघतो, तर वासराची आई त्याच्या मागोमाग विहारापर्यंत चालत येते. बाकीचे भिक्षू विचारतात, ही गाय तुझ्यामागे का लागली? तो म्हणतो, मला काय माहीत! पण तोवर चीवराला रक्त लागलेलं असतं.

या गोष्टीत भिक्षूनं सुरीला हात लावलेला नाही. मार, असंही तो म्हणालेला नाही. त्यानं फक्त पाहिलं आणि आपल्याला काय हवं ते सांगितलं. आजच्या भाषेत बोलायचं तर तो ग्राहक होता. बुद्धांनी त्याची सबब मानली नाही. दुसऱ्याला प्राणिहत्येकडे वळवणं हाही दोषच, असं त्यांनी ठरवलं आणि गाईचं कातडं संघासाठी वर्ज्य केलं. दुकानाच्या काचेतून बुटाकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाचा नैतिक प्रश्न इतक्या नेमकेपणानं क्वचितच कुणी मांडला असेल.

हा विचार एकट्या बौद्धांचा नाही. योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. जैन आचारात तर हे त्रिकूट पावलोपावली भेटतं. खुद्द मनुस्मृतीत, मांसाच्या संदर्भात, घातकांची जी यादी आहे तिच्यात मारणाऱ्यासोबत विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणाराही आहे. म्हणजे तत्त्व म्हणून ग्राहकाला सोडलेलं नाही. व्यवहारात मात्र तो अगदी सफाईनं सुटला. त्याच मनुस्मृतीत कातडं कमावणाऱ्यांची गणना संकरजातींत होते, आणि पुढे शेकडो वर्षं विटाळ चिकटला तो ढोर सोलणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या आणि जोडे शिवणाऱ्या हातांना. पाय मात्र शुद्धच राहिले.

देवळाच्या दारात ही विसंगती सगळ्यात लख्ख दिसते. चप्पल बाहेर काढायची, काही ठिकाणी कमरेचा चामडी पट्टासुद्धा. आत गाभाऱ्यासमोर पखवाज घुमतो, त्याची पुडी कातड्याची आणि ती ताणून धरणारी वादीही कातड्याची. कोल्हापुरी चप्पल ज्या चामडी दोरीनं शिवतात तिलाही वादीच म्हणतात. एक वादी देवासमोर, दुसरी उंबऱ्याबाहेर. ऋषींचं मृगाजिन, शंकराचं व्याघ्रचर्म यांविषयी तर कुणी प्रश्नही विचारत नाही. परंपरेला कातड्याचा विटाळ होता म्हणण्यापेक्षा ते कमावणाऱ्याचा होता, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

या हिशेबाला बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणनं (आजच्या बसवकल्याणनं) दिलेलं उत्तर अंगावर काटा आणणारं आहे. हरळय्या हे चर्मकार शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतले शिवभक्त. त्यांनी बसवेश्वरांना ‘शरणु’ म्हणून वंदन केलं. बसवेश्वरांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ असं दुप्पट वंदन केलं. त्या जास्तीच्या एका वंदनाचं ओझं हरळय्यांना पेलवेना. आख्यायिका सांगते की त्यांनी आणि पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोडे शिवले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण शरण मधुवरस यांची मुलगी यांचं लग्न झालं आणि त्याची शिक्षा म्हणून दोन्ही बापांना ठार मारण्यात आलं. महाराष्ट्रातला कातडं कमावणारा ढोर समाज याच परंपरेतल्या शरण कक्कय्यांना आपलं मानतो. आख्यायिकेचा शब्दशः अर्थ घेण्याची गरज नाही. जोड्यात नेहमीच कुणाचं तरी अंग असतं, एवढं ती सांगते. जनावराचं तर असतंच. कमावणाऱ्याच्या चुन्यानं खाल्लेल्या बोटांचंही असतं.

गांधीजींनी हा गुंता आपल्या पद्धतीनं सोडवू पाहिला. ते स्वतः चपला शिवायला शिकले होते. दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना भेट दिला आणि 1939 मध्ये गांधीजींच्या सत्तरीनिमित्त स्मट्सनी तो परत पाठवला. या माणसाच्या जोड्यात उभं राहण्याची आपली योग्यता नाही, असा त्यांचा भाव होता. कत्तलीऐवजी आपसूक मेलेल्या जनावराचं कातडं वापरावं, हा गांधीजींचा मार्ग. वर्ध्याजवळ नालवाडीला त्यासाठी चर्मालय चाललं. अहिंसा आणि चप्पल दोन्ही साधलं, असं वाटावं.

पण मेलेलं जनावर ओढायचं कुणी? महाडला 1927 मध्ये मेलेल्या जनावरांचं मांस खाणं आणि ढोरं ओढणं सोडण्याचा जो आग्रह बाबासाहेबांनी धरला, त्याचा रोख नेमका इथे होता. कातडी-शिंगांतून मिळणारं उत्पन्न महार का सोडतात, असा हिशेब मांडणाऱ्यांना 1956 च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी सुनावलं की एवढा फायदा असेल तर हे काम तुम्ही घ्या, वर पैसे मी देतो. अहिंसक चपलेच्या चर्चेत हे उत्तर सहसा येत नाही. यायला हवं. जनावर कसं मेलं, हे विचारणारी अहिंसा त्याला कुणी उचललं हे विचारत नसेल, तर तिची चौकशी अर्ध्यावरच थांबली म्हणायची.

आता कायद्याचं पाणीही वरून गेलं आहे. महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. कोल्हापुरीचा तळ मुख्यतः म्हशीच्या कातड्याचा, तरी बंदीनंतर बाजारातली एकूण आवकच आटली, धाकही वाढला, आणि कारागीर तमिळनाडूच्या मालावर जास्त विसंबू लागले. ग्राहकाच्या भक्तीची किंमत पुन्हा एकदा शिवणाऱ्यानं मोजली.

कातडं कमावण्याची रीतही या प्रश्नाचाच भाग आहे. जुन्या पद्धतीत चुन्यानं केस काढलेलं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवतात. कातड्याची पिशवी शिवून तिच्यात सालीचं पाणी भरून ती टांगायची, असाही प्रकार आहे. यात आठवडे जातात. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत उरकतं. जगातलं बहुतांश चामडं आज तसंच तयार होतं. घाई कुठे जाऊन साचते, ते कानपूरच्या जाजमऊत, चामड्याच्या कारखान्यांजवळ गंगेकाठी पाहावं. बाभळीची पद्धतही काही गंधफुलांची नव्हे. तिलाही भरपूर पाणी लागतं आणि वासानं डोकं उठतं. एवढंच, की तिचं सांडपाणी क्रोमियम मागे ठेवत नाही.

मग प्राण्याचा संबंधच नको म्हणणारे ‘व्हीगन लेदर’कडे वळतात. नाव सोज्वळ आहे. वस्तू बहुतेक वेळा पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच. वर्ष-दीड वर्षात पापुद्रे सुटतात, शिवून घेता येत नाही, उकिरड्यावर गेली की कुजत नाही. जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार करतं : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थानं जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा पूर्ण टाळायची, संसारात आणि धंद्यात अटळ असलेली होईल तितकी कमी करायची. ही विभागणी खरेदीला लावली तर प्रश्न ‘चामडं की रेक्झिन’ इतका सोपा राहत नाही. एक जोड सात वर्षं वापरणारा आणि दर दिवाळीला सेलमधून तीन जोड उचलणारा, यांत संकल्प कुणाचा मोठा? अपरिग्रह हे व्रत अहिंसेच्या शेजारीच बसतं, ते काही उगीच नाही.

अस्सल कोल्हापुरी या कसोटीवर बऱ्यापैकी उतरते. तळ, अंगठा, पट्टा, कान असा प्रत्येक भाग सुटा, वादीनं शिवलेला, खिळा नाही. म्हणून झिजलेला भाग उसवून बदलता येतो. नवी असताना ती चावते. तेल पाजावं लागतं, थोडं सोसावं लागतं, मग ती पायाचा आकार घेते. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल नाव न घेता मिरवली, तेव्हा कोल्हापुरात संताप उसळला आणि कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. संताप रास्तच होता. मात्र आपल्या पायातली चप्पल कुणी शिवली, हे संतापलेल्यांतल्या किती जणांना सांगता आलं असतं? आता संत रोहिदास यांच्या नावाच्या चर्मोद्योग महामंडळानं चपलेला क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली आहे. मोबाईल धरला की कारागीर कोण, जिल्हा कुठला, कच्चा माल काय, हे दिसतं. विटाळामुळे जे नाव शतकानुशतकं पुसलं गेलं, ते असं चौकोनी ठिपक्यांतून परत येतं आहे.

चम्मक्खन्धकातच आणखी एक प्रसंग आहे. सोण कोळिविस हा चंपेचा सुखवस्तू, नाजूक तरुण भिक्षू होतो. अनवाणी चालत ध्यान करताना त्याच्या तळपायांतून एवढं रक्त येतं की ती वाट खाटिकखान्यासारखी दिसू लागते, असं ग्रंथ म्हणतो. बुद्ध त्याला एकपदरी वहाणांची परवानगी देतात. मला एकट्याला नको, असं सोण म्हणतो, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळते. जाड, अनेकपदरी वहाणा मात्र वर्ज्यच. मग एकदा बुद्धांच्या मागून एक भिक्षू लंगडत येत असतो. अनेकपदरी वहाणा घातलेला एक उपासक बुद्धांना पाहून त्या काढतो, आणि भिक्षूचे पाय भेगाळल्याचं कळताच त्या त्यालाच देऊ करतो. भिक्षू नको म्हणतो. नियम आड येतो. बुद्ध म्हणतात, घे. आणि नियमाला पुस्ती जोडली जाते : नव्या चालणार नाहीत, दुसऱ्यानं वापरून सोडलेल्या चालतील. तो उपासक नंतर घरी कसा गेला, ते ग्रंथात आलेलं नाही.