रिकामं की साचलेलं?

बडोद्याजवळच्या करजणला दुपारी निवांत बसायचं तर मियागाम जंक्शनचं एखादं बाक पुरे. घरी असाल तर घरीच बसा. पाठ टेकू द्या. फोन पालथा घाला. डावा हात मांडीवर, तळवा वर.

अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या जरा मागे हाडाचा उंचवटा लागेल. त्याच्या आतल्या अंगाला उजव्या हाताचं मधलं बोट टेकवा. नाडी पाहताना चिनी वैद्य सुरुवात याच बोटाने करतो. मग मनगटाकडे तर्जनी, कोपराकडे अनामिका. आपला वैद्यही याच तीन बोटांखाली वात, पित्त, कफ शोधतो. तुम्हाला काही शोधायचं नाही.

आधी स्पर्श अगदी हलका, कातडीपुरता. थांबा. मग थोडं दाबा. मग आणखी, हाडाला लागेपर्यंत. एखाद्याची नाडी वरच उसळते आणि दाबली की हरवते. एखाद्याची वर लागतच नाही, खोल गेल्यावर भेटते. तुमची कुठल्या थराला भेटते, तेवढं बघा.

घड्याळ नको. जुने चिनी वैद्य रोग्याचे ठोके स्वतःच्या श्वासावर मोजत: एक श्वास आत-बाहेर होईतो चार-पाच ठोके पडले, तर ठीक. म्हणजे रोग्याला हात लावण्याआधी वैद्यानेच शांत व्हायचं. त्या साऱ्या शास्त्रात मला ही गोष्ट सगळ्यांत पटते. तुम्हीही आधी श्वास ठिकाणावर येऊ द्या. लांबवू नका, रोखू नका.

आता अंगात जो थकवा आहे, त्याच्याकडे वळा. तो रिकामेपणाचा आहे की साचल्याचा?

चिनी वैद्यक औषधाआधी हे विचारतं. १७३२ साली चेंग गुओपेंग या वैद्याने उपचाराच्या आठ रीती मांडल्या: घाम आणणं, ओकवणं, रेच देणं, मेळ घालणं, ऊब देणं, उष्णता उतरवणं, साचलेलं विरवणं आणि भर घालणं. वमन-विरेचन ऐकलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आठांत भर घालणारी रीत एकच, आणि आपण धावतो तिच्याकडेच. थकलो की टॉनिक, च्यवनप्राश, आणखी एक चहा.

सुईचंही तेच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. विजयकुमार बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी कोलकात्यात ते रुजवलं. त्या विद्येत बिंदू तोच राहतो; सुई कशी फिरवली, किती जोराने, यावर भर घालायची की उपसून काढायचं, ते ठरतं. भरलेल्यात भर घालू नये आणि रित्याला आणखी रितं करू नये, हा तिथला जुना दंडक.

करजणकरांना हे रुळांवरून कळेल. १८६२ साली गायकवाडांनी डभोई-मियागाम नॅरोगेज लाइन टाकली. इंजिनं आली, पण रूळ इतके हलके की त्यांचा भार पेलवेना. डबे बैलांनी ओढले. पुढे वजनदार रूळ टाकले, तेव्हा कुठे इंजिनाचा उपयोग झाला. जोर कमी नव्हता, खाली आधार नव्हता.

तुमच्या थकव्याखाली काय आहे? हलकं, पोकळ वाटतं का, पडून राहिलं की बरं वाटेल असं? की जड, तटतटलेलं, चार पावलं चाललं की सुटेल असं? पहिलं असेल तर आज जेवण वेळेवर आणि झोप लवकर. दुसरं असेल तर आज काहीच वाढवू नका. रात्रीचं एक ताट हलकं करा. दोन्ही थोडंथोडं असेल, आणि बहुतेकांचं तसंच असतं, तर मेळ घालण्याची रीत त्यासाठीच आहे: थोडं काढायचं, थोडं घालायचं, घाई नाही.

ठोके मधेच चुकत असतील, छातीत दुखत असेल, तर हे मनन पुरे. सरळ डॉक्टरकडे जा. नाहीतर हात बदला. उजवी नाडी बहुधा तंतोतंत डावीसारखी लागणार नाही.