फळ उरते, कर्म जाते
लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त निष्काम कर्म, म्हणजे फळाची आसक्ती सोडून केलेले कर्तव्य, हे गीतेचे सार मानले, पण त्यात कर्म हाताशी असणे गृहीत धरलेले आहे आणि यंत्रयुगाने नेमके तेच डळमळीत केले. हातमागावर ताण्याचा, म्हणजे उभ्या सुतांचा, एखादा धागा तुटला की विणकर धोटा थांबवतो, बोटांनी टोके शोधून गाठ मारतो आणि पुन्हा विणू लागतो. स्वयंचलित मागावर तुटलेल्या धाग्यावरची धातूची बारीक पट्टी खाली पडते, माग आपोआप थांबतो आणि म्हणूनच एक कामगार अनेक माग सांभाळू शकतो. श्रम हलके होतात (आणि हे क्षुल्लक मानण्याचा अधिकार माग न चालवणाऱ्याला नाही), परंतु दक्षता पट्टीकडे जाते. वारकरी परंपरेने सावता माळ्याच्या मळ्यात आणि गोरोबांच्या चिखलात भक्ती पाहिली, ती कामातल्या अशाच तन्मयतेमुळे. यंत्रामुळे ज्याचे कामच जाते त्याला बेकारभत्ता फळ देतो, कर्म देत नाही; म्हणजे ज्याची आसक्ती सोडायची तेवढेच हाती उरते. अशा वेळी काम गमावलेल्या माणसाला अनासक्तीचा उपदेश करणे हा गीतेचा निव्वळ गैरवापर आहे.