गाय माजावर येण्याआधी

धान कापून झाले, चुरणे आटोपले, पोती तुमसरच्या बाजाराकडे निघाली की भंडारा जिल्ह्यातल्या बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगाव शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, फलक लागतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचे नाटक. हे मनन त्याच दिवसांत करावे. त्यासाठी मैदानाच्या कडेला जाऊन बसायची गरज नाही. आरडाओरड्यात डोळा जिंकणाऱ्या जोडीवर जातो, आणि आपल्याला तर अजून न जन्मलेल्या वासराचा विचार करायचा आहे.

घरच्या दावणीला एक गाय आहे असे धरा. खरीच असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा. आज ना उद्या ती माजावर येईल आणि तिला कोणता सांड दाखवायचा हे तुम्हाला ठरवावे लागेल. पटाला पळणारा गोऱ्हा हवा आहे, एवढेच सध्या मनात ठेवा. उत्तराची घाई नको.

आता गेल्या पटातली एखादी जोडी आठवा. झेंडा पडला, धुरकऱ्याने हाक दिली, छकडा उडाला आणि घड्याळाने सेकंद दाखवले. त्या सेकंदांकडे सावकाश बघा. ते कोणाचे आहेत? जुवाखाली दोन बैल होते. एकाने ओढले असेल, दुसरा त्याच्या जोरावर गेला असेल. एक सरळ पळत असेल, दुसरा बाहेर ओढणारा असेल आणि पहिल्याने त्याला ओळीत धरले असेल. उजव्या अंगाला पळणारा बैल डाव्या अंगाला जुंपला तर अडखळतो, हे जोडीवाल्याला माहीत असते. धुरकऱ्याचा हात वेगळा, त्या दिवशीची माती वेगळी, खुराक वेगळा. एकट्या बैलाचा वेग आपल्याला कधी दिसतच नाही. घोड्याच्या शर्यतीत निदान प्रत्येक घोडा आपापल्या नावाने पोहोचतो. पटात नाव जोडीचे होते. म्हणून 'हा पटाचा बैल आहे, याचेच रक्त घेऊ' असे कोणी म्हणाले की मन तिथे थोडे रेंगाळू द्या.

त्यातही एक पेच आहे. तो बैल खच्ची केलेला असेल तर त्याचे रक्त घेताच येत नाही. गोऱ्हा पळतो की नाही हे नीट कळायच्या आत पुष्कळ ठिकाणी त्याला खच्ची करतात, कारण नांगराला शांत बैल हवा असतो. ज्याने स्वतःला सिद्ध केले त्याच्यामागे काहीच उरत नाही, आणि ज्याच्यापासून वंश चालतो त्याला कोणी कधी पळताना पाहिलेलेच नसते. घोड्यांच्या जगातही हे घडते. अमेरिकेत केल्सो १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षे वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. पुढे फोरगो आणि जॉन हेन्री यांनीही तो मान एकाहून अधिक वेळा मिळवला. तिघेही खच्ची केलेले होते. तिघांचेही एक शिंगरू जगात नाही.

मग निवड कशाच्या आधारावर करायची? भावांवर, बहिणींवर, आईवर. त्याच गाईची आधीची वासरे कुठे आहेत, कशी चालतात, यावर. इथे मन स्थिर होऊ द्या, कारण पुढचा सगळा विचार याच वाटेने जाणार आहे.

थोडा वेळ पुण्याकडे जाऊ. पुण्याच्या आसपास थरोब्रेड घोड्यांचे स्टड फार्म आहेत. पूनावाला स्टड १९४६ पासूनचा. पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मीला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती होतात. तिथे एका स्टॅलियनची निवड म्हणजे कोट्यवधींचा व्यवहार. प्रत्येक घोड्याची वंशावळ इंडियन स्टड बुकमध्ये नोंदलेली. जगातल्या कोणत्याही थरोब्रेडचा बाप, त्याचा बाप असे मागे मागे गेले की तीनच घोडे हाती लागतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. त्यातही आजचे बहुतेक घोडे पुरुषवंशाने एकट्या डार्ली अरेबियनचे, आणि तेही १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेल्या इक्लिप्समार्फत. पिढ्यानपिढ्या इतक्या बारकाईने वही ठेवूनही निवड कितपत साधते, ते पाहू.

रझीन नावाचा एक घोडा होता. बाप नॉर्दर्न डान्सर, म्हणजे वंशावळीत याहून वर जागाच नाही. १९९० च्या एप्सम डर्बीत लोकांनी सर्वांत जास्त पैसे त्याच्यावर लावले आणि तो मागच्या घोळक्यात संपला. युरोपला असा घोडा नको असतो. तो भारतात आला, उषा स्टडमध्ये उभा राहिला, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या शिंगरांनी इथल्या मोठ्या शर्यती जिंकल्या. भारतातल्या पैदासकाराला पहिल्या प्रतीचा विजेता घोडा परवडत नाही. जगाने बाजूला काढलेल्यातून त्याला उचलावे लागते. पण बाजूला काढण्याचे कारण एकच बिघडलेली दुपार असेल, तर रक्त शाबूत असते. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचीही गत थोडीफार हीच: पश्चिम महाराष्ट्रातला नावाजलेला खिलार वळू त्याला मिळत नाही, मिळतो तो वळूचा भाऊ.

खुद्द नॉर्दर्न डान्सरची गोष्ट याच्या उलट टोकाची. वर्षाचा असताना त्याला पंचवीस हजार डॉलरना कोणी घेतले नाही, कारण तो बुटका होता. १९६४ मध्ये त्याने केंटकी डर्बी जिंकली आणि पुढे त्याच्याकडे एक घोडी नेण्याचा दर दहा लाख डॉलरपर्यंत चढला. ज्यांनी त्याला उंचीमुळे नाकारले ते मूर्ख नव्हते. जे मोजता येते ते त्यांनी मोजले, एवढेच.

आता सेक्रेटेरियट या अमेरिकी घोड्याकडे वळा आणि इथे जरा जास्त वेळ द्या, कारण गाईचा माग इथून लागतो. १९७३ मध्ये बेलमाँट स्टेक्स ही शर्यत त्याने एकतीस घोड्यांच्या लांबीच्या फरकाने जिंकली. ती वेळ आजही कोणी मोडलेली नाही. साहजिकच त्याच्याकडे सर्वोत्तम घोड्या गेल्या. मुलगे मात्र बापाच्या तोडीला पोहोचले नाहीत. लोकांनी त्याला अपयशी स्टॅलियन म्हणून टाकले. तोवर त्याच्या मुली इतर घोड्यांकडे जाऊ लागल्या होत्या, आणि एकीच्या पोटी ए. पी. इंडी, दुसरीच्या पोटी स्टॉर्म कॅट आला. दोघेही पुढे अमेरिकेतले मोठे वंशकर्ते झाले. म्हणजे देणगी होती, ती एक पिढी मुलींच्या अंगात राहून मग वर आली. बापाने काय दिले हे मुलांना पळवून ताबडतोब कळते असे धरून चालणारा माणूस सेक्रेटेरियटच्या बाबतीत वीस वर्षे चुकला असता.

सलग सोळा शर्यती जिंकणारा सिगार हा घोडा तर वंध्यच निघाला. त्यावर मनन करण्यासारखे फारसे काही नाही.

पुन्हा गाईकडे या. तिच्या पाठीवर हात ठेवा. वासराचे अर्धे रक्त हिचे आहे, ही गोष्ट सांडाची निवड करताना सगळ्यांत आधी विसरली जाते. घोड्यांच्या बाबतीत १९८८ साली 'नेचर'मध्ये डब्लिनच्या दोघा संशोधकांनी हिशोब मांडला होता: घोड्याघोड्यांतल्या कामगिरीच्या फरकापैकी साधारण एक तृतीयांश भाग अनुवंशाचा. उरलेले दोन भाग चारा, हात, माती, दैव यांचे. आणि त्या एका भागातलाही अर्धाच बापाचा. गावात 'खाण तशी माती' म्हणतात ते लेकीबाळींबद्दल, पण गोठ्यात ते जास्त लागू पडते. हिची आई आठवते का? तिचे खूर कसे होते? चरायला जाताना ती पुढे असायची की कळपाच्या मागे? चिखलात पाय रुतला की घाबरायची का? तुम्हाला हे आठवत नसेल तर घरातल्या म्हातारीला आठवत असेल. एखाद्या स्टडच्या वहीत जे लिहिलेले असते, ते आपल्याकडे घरातल्या बायांच्या तोंडी असते, कारण गोठा त्यांनी सांभाळला. सांड बघायला पुरुष जातात आणि गाईबद्दल बायांना विचारतही नाहीत, हे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे.

मग जागा. गाय कुठे उभी आहे? वैनगंगेच्या खोऱ्यात, तलाव-बोड्यांच्या मुलखात. पावसाळाभर इथे चिखल. खिलार जनावर सोलापूर-सांगलीच्या कोरड्या, कडक माळावरचे. दिसायला देखणे, पळायला तिखट. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ पांढरा, हलका, लांब पल्ल्याला भराभर चालणारा; मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीत तो होता असे जुन्या नोंदी सांगतात. आणि पूर्व विदर्भाचा आपला कठाणी, अंगाने लहान, धानाच्या बांधीत पाय न अडकू देणारा. देशाच्या गोवंशांच्या यादीत त्याची नोंद अलीकडेच झाली. तिघांतून कोण, हा प्रश्न लगेच सोडवू नका. आधी विचारा, गोऱ्हा पळणार किती वेळ आणि उरलेले वर्षभर उभा कुठे राहणार. घोड्यांमध्ये २०१० साली सापडलेले एक जनुक असे आहे की त्याचे एक रूप कमी अंतराला झेपावणारा घोडा देते, दुसरे लांब अंतराला टिकणारा. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. बैलाला ते जसेच्या तसे लावता येणार नाही, पण पटाची झेप आणि चिखलणीचा दम यांत काही तरी सोडावे लागते, हे कोणताही जुना नांगरकरी सांगेल.

काळाचाही विचार करा. गाय नऊ महिन्यांनी विते. गोऱ्हा जुवाखाली येईपर्यंत आणखी अडीच-तीन वर्षे. आज केलेली निवड चार वर्षांनी मैदानात उतरते. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली. १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. पहिल्या दोन तारखांमधली साडेसात वर्षे म्हणजे गोऱ्ह्यांच्या जवळजवळ दोन पिढ्या. २०१३ मध्ये ज्याने पटासाठी गाय फळवली, त्याचा गोऱ्हा पळायच्या वयात आला तेव्हा पटच नव्हते. तरीही काहींनी वंश राखला. कशासाठी राखला असेल, हा प्रश्न मनात सोडून द्या, उत्तर शोधू नका.

कायद्याने परत आलेल्या पटाने एक गोष्ट बदलून आणली. नियमांत काठी, चाबूक, विजेचा झटका वर्ज्य आहे. सगळीकडे हा नियम पाळला जातो असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण पाळायचा ठरवला, तर सांडाची निवडच वेगळी होते. मारून पळणारा बैल आणि हाकेने पळणारा बैल हे पूर्वी घड्याळाला सारखेच दिसत. आता पहिल्याचा उपयोग नाही. जो सांड अनोळखी माणसाला बघून भिंतीला भिडतो, ज्याची वासरे दोर लावताना डोळे पांढरे करतात, तो कितीही चपळ असो, त्याच्या गोऱ्ह्याला हाकेने पळवता येणार नाही. भीतीने मिळणारा वेग आणि उत्साहाने मिळणारा वेग यांतला फरक सांडाच्या गोठ्यात उभे राहून, हातात काही न धरता, बराच वेळ नुसते बघत राहिल्याशिवाय कळत नाही. सांड बघायला जाल तेव्हा मोबाइलवरचे पटाचे व्हिडिओ मालक दाखवेलच. ते नंतर बघा.

आणि जे पळणार नाहीत त्यांचे काय? हा या मननातला सगळ्यांत जड भाग आहे. दहा गोऱ्ह्यांतून पटाला लागणारे एक-दोन. बाकीचे पूर्वी नांगराला जात. आता बांध्यांत ट्रॅक्टर फिरतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तलही बंद आहे. म्हणजे जन्माला घातलेला नर कुठे तरी खात उभा राहणार, आणि ते 'कुठे तरी' बहुधा तुमचेच अंगण. दवाखान्यात मिळणारी रेतमात्रा बहुतांश दुधासाठी निवडलेल्या वळूंची असते. आता तर फक्त कालवडीच व्हाव्यात अशी मात्राही निघाली आहे. दूधवाल्याने प्रश्न असा सोडवला. पटवाल्याला गोऱ्हाच हवा, म्हणून त्याला तो प्रश्न टाळता येत नाही. माझे मत विचाराल तर, ज्या सांडाचे मंद गोऱ्हेही शांतपणे बंडी ओढतात आणि ज्याच्या कालवडी घरापुरते दूध देतात, तो सांड पटाच्या दोन-चार बक्षिसांनी कमी असला तरी मी निवडेन. पट शौकीन यावर हसतील. त्यांचेही चूक नाही, बक्षीस सेकंदांना मिळते.

मालकाला विचारायचा प्रश्नही त्यातून ठरतो. याची कोणती वासरे जिंकली, हे तो न विचारता सांगेल. जी जिंकली नाहीत ती कोणाच्या दावणीला आहेत, हे विचारा आणि पत्ता घ्या. साकोलीला असतील, लाखांदूरला असतील, पवनीच्या अलीकडे एखाद्या बोडीच्या काठी बांधलेली असतील. खूर बघा, नजर बघा, पाठ बघा, आणि ज्याच्याकडे ती आहेत तो माणूस त्यांच्याबद्दल कोणत्या सुरात बोलतो ते ऐका.

गाईचा माज अठरा-वीस तासांत ओसरतो. तेवढ्यात मन ठरले नाही तर या वेळी जाऊ द्या. एकवीस दिवसांनी ती पुन्हा हंबरेल, आणि त्या तीन आठवड्यांत चार-पाच गावे बघून होतात.