प्रसादाचा शिरा आणि साधूंची बिअर

सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याची चव घरच्या एरवीच्या शिऱ्याला येत नाही, या एका बाबतीत तमाम मराठी माणसांत एकमत आहे. रवा तोच, तूप तेच, ढवळणारे हात तेच. पण न्याहारीला केला की नुसता शिरा, आणि पोथीचे पाच अध्याय ऐकून द्रोणातून आला की प्रसाद! नास्तिक मंडळी म्हणतात, ‘अहो, त्यात सगळं सव्वा पटीनं असतं, वर केळं घालतात, म्हणून लागतो चांगला.’ असेलही. पण हेच नास्तिक द्रोण पुढे करून ‘आणखी थोडा घाला’ म्हणतात, तेव्हा त्यांना फक्त केळंच हवं असतं असं मला वाटत नाही.

हाच प्रश्न मला बेल्जियममध्ये बिअरच्या पेल्यात पुन्हा भेटला. (दचकू नका. भाचा तिकडे नोकरीला आहे, आणि ‘मामा, इथे येऊन पाणी काय पितोस?’ हे वाक्य त्याचं आहे.)

तिथे फ्रान्सच्या सरहद्दीजवळ वेस्टव्लेटेरेन नावाचं खेडं आहे. तिथल्या सेंट सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट साधू एकोणिसाव्या शतकापासून बिअर करतात. साधू आणि बिअर हे आपल्याला जरा विचित्र वाटतं. पण या पंथाचा नियमच असा की भिक्षेवर न जगता स्वतःच्या कष्टांवर जगावं. मग कुठला मठ चीज करतो, कुठला बिअर. सेंट सिक्स्टसची सर्वांत जहाल बिअर म्हणजे ‘बारा नंबर’. मद्यार्क 10.2 टक्के, म्हणजे साध्या बिअरच्या दुप्पट! जगातल्या उत्तम बिअरच्या याद्यांत हिचं नाव अनेकदा अगदी वर लागलं. दुसरा कोणी असता तर लगेच शेजारची जमीन घेऊन कारखाना वाढवता. साधूंनी काही केलं नाही. मठाचा खर्च भागेल एवढीच बिअर करायची, हा हिशेब तसाच ठेवला. वर्षानुवर्षं बाटलीला लेबलसुद्धा नव्हतं. काय लिहायचं ते बुचावर. गिऱ्हाइकानं आधी फोन करायचा, गाडीचा नंबर कळवायचा, ठरल्या दिवशी मठाच्या दाराशी हजर व्हायचं, आणि पुढे नफ्यानं विकणार नाही असं कबूल करायचं. 2019 पासून फोन जाऊन संगणकावर नंबर लावायची सोय झाली. 2011-12 साली मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते, तेव्हा खोकी भरून परदेशीही विकली. पैसे जमले, विक्री थांबली.

आता गंमत ऐका. जवळच वाटू गावात सेंट बर्नार्डस नावाची संसारी लोकांची भट्टी आहे. 1946 ते 1992 या काळात मठानंच यांना आपली बिअर करायचा परवाना दिला होता. कृती दिली, यीस्टही दिलं. करार संपला, पण वाटूकर त्या जुन्या यीस्टला चिकटून राहिले. उलट मठात आता वेस्टमाल इथल्या दुसऱ्या मठातून यीस्ट येतं. म्हणजे जुनं विरजण संसाऱ्यांच्या घरी आणि साधूंकडे शेजारून मागून आणलेलं! वाटूची ‘आब्ट 12’ दहा टक्क्यांची. ती दुकानात जाऊन घ्यावी, गाडीचा नंबर कोणी विचारत नाही.

भाच्यानं दोन्ही बाटल्या आतल्या खोलीत फोडल्या आणि दोन सारखे पेले माझ्यापुढे ठेवले. कुठली कुठली ते सांगितलं नाही. रंग दोन्हींचा काकवीसारखा, वर साईसारखा जाड फेस. वासाला मनुका, खजूर, भिजवलेलं अंजीर. मग हळूच पिकलं केळं आणि मागून लवंग. (शिऱ्यातलं केळं इथेही भेटलं!) खरं तर यात केळंही नाही आणि लवंगही नाही, ती दोन्ही सोंगं यीस्टची. काकवीचा भास काळपट साखरेचा. घोट गिळल्यावर मात्र सुंठीच्या काढ्यासारखी ऊब छातीत उतरते, ती सोंग नव्हे. डावीकडची किंचित गोड, उजवीकडची जास्त फसफसणारी. यातली साधूंची कुठली? जिभेनं हात वर केले.

भाचा म्हणाला, ‘बघ, म्हणजे सगळी लेबलबाजी. आखेलच्या मठाचं तेच झालं.’ आखेलला शेवटचे साधू मठ सोडून गेले आणि 2021 च्या जानेवारीत तिथल्या बिअरवरचा अस्सल ट्रॅपिस्टपणाचा षट्कोनी शिक्का गेला. कृती कालचीच, पिंपं कालचीच. फक्त आवारात साधू नाहीत.

मला ही लेबलबाजी वाटली नाही. तो शिक्का चवीबद्दल बोलतच नव्हता. बिअर कोणाच्या देखरेखीखाली होते आणि पैसा कुठे जातो, एवढंच तो सांगत होता. पण म्हणून वाटूचा कामगार खालच्या पायरीवर बसवायचा? मुलांची फी आणि घराचे हप्ते भरण्यासाठी राबणं हे प्रार्थनेपेक्षा हलकं कुणी ठरवलं? मी स्वतः आयुष्यभर तेच केलं आहे, तेव्हा या मुद्द्यावर मी जरा हळवा आहे. साधूंची प्रार्थना मला तितकीशी भिडत नाही. भिडतं ते त्यांचं ‘पुरे’. उत्तम म्हणून जगभर नाव झाल्यावर ‘पुरे’ म्हणणं! आमच्या ओळखीत दुसऱ्यांदा आलेल्या जिलबीलासुद्धा कोणी पुरे म्हणत नाही.

ते ‘पुरे’ पेल्यात उतरतं का? जीभ म्हणते, नाही. पण प्रसादाच्या शिऱ्याबद्दल जिभेचं कधी कोणी ऐकलं आहे? कळलं की चव बदलते, आणि ती बदललेली चव खोटी म्हणायलाही मन धजत नाही.

‘मामा, सांगू का आता, साधूंची कुठली?’ भाच्यानं विचारलं. दोन्ही पेल्यांत दोन-दोन बोटं उरली होती.

‘थांब,’ मी म्हटलं, ‘आधी संपू दे.’