शिकलेल्याचा हिशेब

जून महिना उजाडला की बीड जिल्ह्यातील घराघरांत दोन चिंता एकदमच येऊन उभ्या राहतात. एक पावसाची आणि दुसरी मुलांच्या प्रवेशाची. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत एक ऊसतोड कामगार मुलाची गुणपत्रके घेऊन आमच्याकडे आले होते. मुलाने दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षांचा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि आता त्याला तंत्रनिकेतनात, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात, प्रवेश मिळणार होता. आम्ही मुलाचे अभिनंदन केले. परंतु वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसेना. थोडे थांबून ते म्हणाले, "सर, पोरानं दोन वर्षं घातली अन् हजेरी एकाच वर्षाची लागली. हा कसला हिशोब?"

त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. नियम असा आहे, एवढेच आम्ही सांगू शकलो. परंतु नियम आहे एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार वाचकांसमवेत करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम हिशेबच मांडून पाहू. दहावीनंतर विज्ञान शाखेतून बारावी करून अभियांत्रिकीची पदवी घ्यावयाची तर दोन आणि चार, अशी सहा वर्षे लागतात. आयटीआयच्या वाटेने जाणाऱ्याची आयटीआयची दोन वर्षे, पदविकेची उरलेली दोन आणि पदवीची उरलेली तीन, अशी सात वर्षे होतात. कारण पदविका पूर्ण केलेल्यासही अभियांत्रिकीच्या दुसऱ्याच वर्षात घेतले जाते. आधीचे शिक्षण मुळीच धरले नसते तर हीच वाट नऊ वर्षांची झाली असती. म्हणजे व्यवस्थेने त्या मुलाची दोन वर्षे वाचविली, हे खरे. पण प्रत्येक पायरीवर त्याने जेवढे शिकले त्यातील काही भागच जमेस धरला गेला, हेही तितकेच खरे.

ही मर्यादा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या मध्यापासून कॉलेज बोर्ड ही संस्था शाळकरी मुलांसाठी महाविद्यालयीन दर्जाच्या प्रगत परीक्षा घेत आली आहे. त्यांत 1 ते 5 असे गुण असतात आणि चांगले गुण मिळविणाऱ्यास अनेक विद्यापीठे त्या विषयाचे श्रेयांक आधीच देतात. परंतु किती श्रेयांक द्यावयाचे याला बहुतेक ठिकाणी सीमा असते. डार्टमथ या नामांकित महाविद्यालयाने तर 2018 साली पदवीधर होणाऱ्या तुकडीपासून असे श्रेयांक देणे बंदच केले. तेथे चांगल्या गुणांच्या आधारे वरच्या वर्गात बसता येते, मात्र पदवीच्या एकूण हिशेबात ते गुण धरले जात नाहीत. आपल्या देशातही 2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक स्थापन करण्याचे नियम केले. विद्यार्थ्याने निरनिराळ्या संस्थांत मिळविलेले श्रेयांक तेथे साठविता येतात. तथापि पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळविले पाहिजेत, असे बंधन त्यात आहे. 'स्वयम्' या शासकीय माध्यमातून घरबसल्या शिकलेल्या विषयांनाही शेकडा 40 ची मर्यादा आहे.

विद्यापीठांनी असे का करावे? त्यांची बाजू आपण प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. पदवीवर विद्यापीठाचे नाव असते आणि ते नाव म्हणजे समाजाला दिलेली हमी असते. दुसऱ्याने शिकविलेले व दुसऱ्याने तपासलेले सारेच आपल्या नावावर खपवावयाचे, तर त्या हमीला अर्थ राहत नाही. शिवाय परीक्षा उत्तीर्ण होणे आणि पुढच्या अभ्यासास सिद्ध असणे या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांना विचारून पाहा. प्रयोगशाळेत त्यांचा हात सराईत असतो. पण गणिताचा तिसरा भाग समोर आला की पुष्कळांची तारांबळ उडते. पहिल्या वर्षाच्या वर्गात झालेल्या ज्या गणितावर तो भाग उभा असतो, त्याची पुरेशी तयारी त्यांची झालेली नसते. त्यांना थेट तिसऱ्या वर्षात घातले असते, तर ती कृपा ठरली नसती.

आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. अमेरिकेतील त्या प्रगत परीक्षांचे वर्ग सर्वच शाळांत सारख्या प्रमाणात नसतात. सुस्थितीतील वस्त्यांमधल्या शाळांत ते अधिक असतात. अशा श्रेयांकांना मर्यादाच नसेल, तर ज्यांच्यापाशी आधीच पुष्कळ आहे त्यांचीच फी आणि वर्षे वाचतील. तेव्हा काही वेळा मर्यादा ही दुर्बलाच्याही हिताची असते, हे मान्य करावे लागते.

परंतु दुसरी बाजूही झाकून चालणार नाही. वगळलेल्या प्रत्येक विषयाबरोबर संस्थेची फीही वगळली जाते, आणि म्हणून कित्येकदा दर्जाच्या नावाखाली तिजोरीची चिंता बोलत असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचे ओझे सर्वांना सारखे नसते. सधन घरातील मुलास शिकलेला विषय पुन्हा शिकावा लागला, तर त्याला कंटाळा येईल, एवढेच. आमच्या जिल्ह्यात एका वर्षाचा अर्थ निराळा आहे. येथे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन हे कोयते टोळीने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. मुलाच्या शिक्षणाचे एक वर्ष वाढले की आई-वडिलांच्या अंगावर आणखी एक हंगाम पडतो. आणखी एक उचल, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत काढलेला आणखी एक हिवाळा. विद्यापीठाच्या नियमावलीत ज्याला एक वर्ष म्हटले आहे, त्याची किंमत त्या घराला अशी मोजावी लागते.

ज्ञान आणि त्यावरील शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर याच मातीने पूर्वी पाहिले आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी उच्च शिक्षण घेतले ते पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. 1921 साली राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निघालेली ही संस्था सरकारी विद्यापीठांच्या चौकटीबाहेरची होती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला 1987 साली मिळाला. परंतु 1930 च्या दशकात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामीजींच्या हाताखाली जी मुले शिकली, त्यांचे त्या शिक्क्यावाचून काही उणे राहिले नाही. अर्थात यावरून शिक्का निरुपयोगी ठरत नाही. सामान्य घरातील मुलाला नोकरीच्या दारात तोच दाखवावा लागतो. पण शिक्का देणाऱ्याने शिकलेल्याकडे पाहण्याचे नाकारू नये, एवढे त्यावरून निश्चित समजते.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवसभर राबलेले मजूर शेवटच्या तासाला आलेल्यांना मिळालेली पूर्ण मजुरी पाहून कुरकुरतात. पहिल्या वर्षापासून अभियांत्रिकीत असलेली मुलेही पदविकेहून आलेल्यांना 'मागच्या दाराने आलेले' म्हणताना आम्ही ऐकले आहे. ते बिचारे आधी दुसऱ्या मळ्यात राबून आलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. त्या दाखल्यातील धन्याने दोन गोष्टी केल्या. ज्यांच्याशी जे ठरले होते ते त्यांना पुरेपूर दिले, आणि ज्यांची गरज मोठी होती त्यांच्याशी हात आखडता घेतला नाही. श्रेयांकांची मर्यादा ठरविणाऱ्यांनाही हीच दोन मापे लावावीत असे आम्हांस वाटते. मर्यादा घालण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे. पण ती आधी सांगितलेली असावी, मूल अर्ध्या वाटेवर पोहोचल्यावर कळलेली नसावी. तिचे कारण अभ्यासाचे असावे, फीचे नसावे. आणि ज्या उणिवेमुळे वर्ष कापले जाते ती उणीव भरून काढण्याची सोयही त्याच संस्थेने करावी. गणित कच्चे आहे म्हणून मुलाला मागे ठेवावयाचे आणि ते गणित शिकवावयाचे मात्र कोणीच नाही, हा न्याय नव्हे.

आपल्या कुटुंबांनीही काही करण्यासारखे आहे. दहावीच्या निकालापूर्वीच कोणत्या वाटेने काय जमेस धरले जाते, याची चौकशी करावी. आपल्यातील जे शिक्षक व अभियंते आहेत त्यांनी सुट्टीतले चार आठवडे थेट दुसऱ्या वर्षात जाणाऱ्या मुलांच्या गणितासाठी द्यावेत. आणि 'आयटीआयवाला' हा शब्द आपल्या घरांतून ज्या सुराने उच्चारला जातो, तो सूर बदलावा. विद्यापीठ निदान एक वर्ष तरी जमेस धरते; आपण पुष्कळदा तेवढेही धरत नाही.

त्या गृहस्थांना आज आमच्याकडून उत्तर द्यावयाचे झाले, तर आम्ही म्हणू, "दादा, लागलेली हजेरी सारी खोटी नाही आणि सारी खरीही नाही. पोराचं जे कच्चं आहे ते पक्कं करायला ते एक वर्ष लागणार आहे. पण ते नुसतं फी भरण्यात जाऊ लागलं, तर तुम्ही पुन्हा या. मग आपण दोघं मिळून कॉलेजात जाऊ आणि हाच प्रश्न तिथं विचारू."