देवराई कोणाची?

सह्याद्रीच्या कुशींतील एखाद्या गांवीं आपला प्रचारक जातो, तेव्हां शेतांपलीकडे दाट झाडीचा एक तुकडा त्याच्या दृष्टीस पडतो. तीच देवराई. तेथील काटकीहि सरपणास नेऊं नये, नेल्यास देवाचा कोप होईल, अशी पूर्वापार समजूत. आतां ज्यानें प्रभूचा स्वीकार केला, त्याच्या मनांतून तें भय गेलें. मग त्यानें कुऱ्हाड घेऊन आंत शिरावें काय?

कोणी गिदोनाचा दाखला देतात. जुन्या इंग्रजी भाषांतरांत त्यानें राई तोडली असें आहे खरें. परंतु अशेरा म्हणजे पूजेचा लाकडी स्तंभ, असें विद्वान् आतां मानतात. गिदोनानें मूर्ति तोडली, रान नव्हे. उलट अनुवादाच्या २० व्या अध्यायांत, वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराचींहि फळझाडें तोडूं नयेत, अशी आज्ञा आहे.

आणि राईंत आहे तरी काय, हें पाहावें. गारंबीचे वेल झाडांवरून झाडांवर गेलेले, त्यांच्या शेंगा हाताहून लांब. जुन्या बेहड्याच्या ढोलींत धनेशाची मादी स्वतःस कोंडून घेते. तोंड लिंपून बारीक फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून फळें भरवितो. अशी ढोली होण्यास झाड म्हातारें व्हावें लागतें. काल लावलेल्या सागास ती कोठून येणार? खालच्या पाचोळ्यांत पाऊस मुरतो व झऱ्यास मिळतो. तें पाणी आपलीहि माणसें पितात.

गाडगीळ व वर्तक ह्या शास्त्रज्ञांनीं १९७० च्या दशकांत अशा राया हिंडून पाहिल्या. भोंवतालचें रान गेलें तरी राईंत जुनीं झाडें टिकून होतीं. भीतीनें राखलेलें हें रान, भीतींतून मोकळ्या झालेल्या माणसाच्या हातून जावें, हें आम्हांस सोसवत नाहीं. गरिबास पैशाची नड असते, हें आम्ही जाणतों. पण व्यापारी राई एकदांच विकत घेतो.

बोकडाची वर्गणी आपल्या माणसानें देऊं नये, हें स्पष्टच. परंतु फाल्गुनांत वणव्याच्या भयानें गांवकरी राईभोंवतींचें गवत काढावयास निघाले, तर कोयता घेऊन त्यांच्याबरोबर जाण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं. तेथें कोणी विचारील, “तुमचा तर या देवावर विश्वास नाहीं, मग कां आलांत?” त्यास काय उत्तर द्यावें, हें प्रचारकानें मंडळीशीं आधींच बोलून ठेवावें.